विहिरीवरच्या साती आसरा, रशियातली रुसाल्का आणि अण्णासाहेब किर्लोस्करांची शकुंतला

सोलापूर जिल्ह्यात एखाद्या जुन्या विहिरीवर किंवा ओढ्याच्या काठावर गेलात, तर हळदकुंकू लावलेले सात दगड एका ओळीत मांडलेले दिसतात.

त्या साती आसरा. पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. भर दुपारी एकट्यादुकट्याने विहिरीवर जायचं नाही, आसरा धरतात, असं घरातली म्हातारी माणसं सांगतात. पाणी आटू नये म्हणून नारळही त्यांनाच फोडतात. म्हणजे भीती त्यांचीच आणि भरवसाही त्यांचाच.

आता हा 'आसरा' शब्द आला कुठून? 'अप्सरा' या शब्दावरून. 'अप्' म्हणजे पाणी, आणि अप्सरा म्हणजे पाण्यात संचार करणारी. टीव्हीवरच्या पौराणिक मालिका पाहून आपल्याला वाटतं की अप्सरा म्हणजे इंद्राच्या दरबारात नाचणारी. पण तिचं मूळ घर पाणी आहे. शतपथ ब्राह्मणात राजा पुरूरवा आपल्याला सोडून गेलेल्या उर्वशीला शोधत वणवण फिरतो, तेव्हा ती त्याला सापडते तळ्यात. सख्यांबरोबर पाणपक्षी होऊन पोहत असलेली.

पाण्यातली बाई, तिच्या प्रेमात पडलेला राजा, मध्येच मोडलेला शब्द आणि ताटातूट. हीच गोष्ट हजारो किलोमीटर लांब, रशिया, युक्रेन, चेक प्रदेश या भागातही सांगितली जाते. तिथे तिचं नाव रुसाल्का.

आणि गंमत म्हणजे १८८० या एकाच वर्षी सेंट पीटर्सबर्गच्या रंगमंचावर रुसाल्का गाऊ लागली आणि पुण्याच्या रंगमंचावर एका अप्सरेची मुलगी. तिकडे संगीतकार होता निकोलाय रिम्स्की-कोर्साकोव्ह. इकडे होते बळवंत पांडुरंग किर्लोस्कर. म्हणजेच अण्णासाहेब.

आधी ही रुसाल्का कोण ते पाहू.

गावाकडच्या रशियन समजुतीप्रमाणे पाण्यात बुडून मेलेल्या तरुण मुली रुसाल्का होतात. केस मोकळे, ओले. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक आठवडा त्या पाण्याबाहेर येतात, झाडांवर झोके घेतात, आणि एकटा पुरुष सापडला तर त्याला गुदगुल्या करून करून मारतात. त्या आठवड्यात नदीत पोहायचं नाही. आपल्या विहिरीवरच्या दुपारसारखंच. चेक लोकांकडे या पाण्याचा एक मालकही आहे, व्होडनिक. बुडालेल्यांचे आत्मे तो तळाशी भांड्यांखाली झाकून ठेवतो.

एकोणिसाव्या शतकात या गोष्टी ऑपेरात शिरल्या. ऑपेरा म्हणजे जवळपास सगळं गाऊनच सांगायचं नाटक. तोवर ऑपेरा म्हटलं की इटालियन, फ्रेंच नाहीतर जर्मन. रशियन आणि चेक लोकांना वाटायला लागलं की आपल्या भाषेतही हे व्हायला हवं, आणि आपली गोष्ट शोधायला ते गेले आजीकडे. दार्गोमिझ्स्कीने १८५६ मध्ये पुश्किनच्या अपुऱ्या नाटकावरून 'रुसाल्का' केला. रिम्स्की-कोर्साकोव्हचा 'मे महिन्यातली रात्र' जानेवारी १८८० मध्ये आला. त्यात सावत्र आईच्या छळाला कंटाळून तळ्यात जीव दिलेली मुलगी रुसाल्का होते, आणि एका साध्या गावकरी पोराला त्याचं लग्न जुळवायला मदत करते.

हा रिम्स्की-कोर्साकोव्ह मूळचा आरमारातला अधिकारी. १८८० मध्येही तो आरमाराच्या बँडपथकांचा निरीक्षक म्हणून काम करत होता.

अण्णासाहेबसुद्धा तेव्हा सरकारी नोकरीत होते. पुण्यात, रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत.

कानडी मुलखातला मराठी मुलगा

अण्णासाहेबांचा जन्म ३१ मार्च १८४३ चा. गाव गुर्लहोसूर, आजच्या बेळगाव जिल्ह्यातलं. पुढे पंप आणि नांगर बनवणारे लक्ष्मणराव किर्लोस्करही याच गावचे.

१८४३ हे सालही लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केलं, जिथून मराठी रंगभूमीची सुरुवात मोजतात. म्हणजे मराठी नाटक आणि अण्णासाहेब अगदी एका वयाचे.

बाराव्या वर्षापर्यंत त्यांचं शिक्षण घरीच झालं, कानडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत. सोलापूरकरांना यात काही नवल वाटणार नाही. बाजारात कन्नड, शाळेत मराठी आणि विणकरांच्या गल्लीत तेलुगू हे इथलं रोजचंच आहे. पण अण्णासाहेबांच्या बाबतीत हे दोन भाषांचं बालपण पुढे फार कामाला आलं. त्यांच्या नाटकांत ज्या चाली ऐकू येतात त्यातल्या कितीतरी कानडी मुलखातून उचललेल्या आहेत.

पुढच्या शिक्षणासाठी ते पुण्याला आले आणि बहुतेक नाटकवेड्या पोरांचं जे होतं तेच झालं. अभ्यास मागे पडला. नाटक मंडळ्यांना पदं रचून देण्यात दिवस जाऊ लागले. परीक्षेचं काही जमलं नाही.

तेव्हा नाटक मंडळीत असणं म्हणजे काय, हे आज कळणं अवघड आहे. शिकल्यासवरलेल्या घरात नाटक्याला मुलगी देणं सोडा, घरात घेणंही कठीण. गावोगाव बैलगाडीने फिरायचं, मिळेल तिथे मुक्काम करायचा, आणि नाटकही ठरलेल्या साच्याचं. सूत्रधार बाजूला उभा राहून सगळी पदं गाणार, पात्रं मध्येमध्ये आयत्या वेळी सुचेल ते बोलणार, आणि राक्षस आला की आरडाओरडा.

अण्णासाहेबांनी बेळगावात 'भारतशास्त्रोत्तेजक मंडळी' नावाची नाटक मंडळी काढून पाहिली. टिकली नाही. मग पोटासाठी शिक्षक झाले. मग पोलीस खात्यात गेले. मग पुण्याच्या कचेरीत. मधल्या काळात शंकराचार्यांच्या आयुष्यावर 'शांकरदिग्विजय' हे गद्य नाटक लिहिलं, १८७३ मध्ये. अल्लाउद्दीनाच्या चितोडवरच्या स्वारीचं नाटक लिहायला घेतलं ते अर्धवटच राहिलं.

थोडक्यात, पस्तिशी उलटली तरी दाखवण्यासारखं फारसं काही हाताशी नव्हतं. एक बुडालेली मंडळी, एक संपलेलं नाटक, एक न संपलेलं नाटक आणि पगाराची नोकरी.

परीचे पंख आणि पुण्याचा खेळ

१८८० मध्ये पुण्यात एक पारशी नाटक कंपनी आली. खेळ होता 'इंद्रसभा'.

हे नाटक मूळ लखनौचं, अमानत या शायराचं, उर्दूतलं. गोष्ट अशी. इंद्राच्या दरबारातली सब्ज परी गुलफाम नावाच्या मर्त्य राजपुत्राच्या प्रेमात पडते आणि त्याला चोरून दरबारात आणते. चहाडी होते. इंद्र चिडतो. गुलफामला विहिरीत टाकलं जातं आणि परीचे पंख छाटून तिला हाकलून देतात. मग ती जोगीण होते, गात गात परत इंद्रापुढे येते आणि गाण्याच्या जोरावर आपला माणूस सोडवून नेते.

रुसाल्का, उर्वशी आणि सब्ज परी या तिघींना शेजारी शेजारी बसवलं तर बहिणी वाटतील.

अण्णासाहेबांना मात्र गोष्टीपेक्षा दुसरंच काहीतरी दिसलं. इथे सूत्रधार बाजूला उभा राहून गात नव्हता. ज्याचं दुःख तोच गात होता. परीचं गाणं परी गात होती. मग हे मराठीत का नको?

मराठीत पदं असलेलं नाटक अगदीच नव्हतं असं नाही. सोकर बापूजी त्रिलोकेकर यांचं 'नल-दमयंती' वर्षभर आधीच आलं होतं, आणि पहिलं संगीत नाटक कोणतं यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण ज्या नाटकाने लोकांना वेड लावलं आणि ज्याच्यामुळे पुढची पन्नासेक वर्षं मराठी माणूस नाटक ऐकायला जाऊ लागला, ते अण्णासाहेबांचं. त्यात वादाला जागा नाही.

त्यांनी निवडलं कालिदासाचं शाकुंतल.

निवड धाडसाची होती. शाकुंतल म्हणजे संस्कृत पंडितांचं दैवत. मराठीत त्याची भाषांतरं झाली होती, पण ती वाचायला. विल्यम जोन्सने १७८९ मध्ये इंग्रजी भाषांतर केल्यापासून युरोपही या नाटकावर फिदा होता. इतका, की शुबर्टने १८२० मध्ये शकुंतलेवर ऑपेरा लिहायला घेतला. तो अपुरा राहिला. फेलिक्स वाइनगार्टनर या तरुण संगीतकाराचा 'शकुंतला' ऑपेरा जर्मनीत व्हायमारला रंगमंचावर आला १८८४ मध्ये.

म्हणजे पुण्याची शकुंतला व्हायमारच्या शकुंतलेच्या चार वर्षं आधी गायली. हे सहसा कोणी सांगत नाही.

अप्सरेची मुलगी, साकी-दिंडीत

शकुंतला ही मेनका या अप्सरेची मुलगी. आईने जन्म देऊन सोडलेली, कण्व ऋषींनी वाढवलेली. तिची सगळी शोकांतिका पाण्याजवळ घडते. दुष्यंताने दिलेली खुणेची अंगठी शचीतीर्थाच्या पाण्यात बोटातून गळते. दुर्वासांच्या शापामुळे राजाला तिची आठवण राहिलेली नाही, आणि दाखवायला अंगठीही नाही. भरदरबारात तो तिला ओळखत नाही. तिथून बाहेर पडल्यावर अप्सरातीर्थापाशी एक तेजस्वी स्त्री येते आणि तिला उचलून घेऊन जाते. आईकडचं माणूस येऊन लेकीला घेऊन गेलं, असंच ते. आणि शेवटी अंगठी सापडते ती माशाच्या पोटात, एका कोळ्याला.

रुसाल्काच्या गोष्टीत राजपुत्राकडे जाण्यासाठी तिला आपला आवाज द्यावा लागतो. शकुंतलेकडे आवाज आहे, पण समोरच्याची आठवण गेलेली आहे. एक बोलू शकत नाही, दुसरीचं बोलणं पटत नाही. दोघीही राजवाड्यात तेवढ्याच एकट्या.

अण्णासाहेबांनी या नाटकासाठी दोनशेच्या आसपास पदं रचली. आणि खरी करामत चालींमध्ये केली. साकी, दिंडी, कामदा ही कीर्तनातून आणि घरातल्या बायकांच्या तोंडी असलेली वृत्तं. लावणीची चाल. कानडी पदांच्या चाली. ज्या चाली प्रेक्षकाच्या कानावर लहानपणापासून होत्या त्यांच्यावर कालिदास बसवला. त्यामुळे संस्कृतचा गंध नसलेला माणूसही शकुंतलेचं दुःख पहिल्याच ऐकण्यात समजू शकला. युरोपात लोकसंगीत ऑपेरात आणणाऱ्यांचं जेवढं कौतुक होतं, त्याच्या निम्मंही आपण या कामाचं करत नाही.

तालमी नोकरी सांभाळून चालल्या. दुष्यंत झाले मोरोबा वाघोलीकर, कण्व झाले बाळकोबा नाटेकर. दोघंही गाणारे. शकुंतला झाले शंकरराव मुजुमदार, ज्यांनी पुढे अण्णासाहेबांचं चरित्रही लिहिलं. सूत्रधार स्वतः अण्णासाहेब. हो, शकुंतला पुरुषच करणार. बाईने रंगमंचावर उभं राहणं तेव्हाच्या पुण्यात शक्य नव्हतं. पोरक्या मुलीचं दुःख मांडणारं हे नाटक एकाही बाईशिवाय उभं राहिलं, हेही नोंदवायला हवं.

३१ ऑक्टोबर १८८०. पुण्याचं आनंदोद्भव नाट्यगृह. 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग.

त्या रात्री सातपैकी पहिले चारच अंक झाले. चौथ्या अंकात शकुंतला कण्वांचा आश्रम सोडून सासरी निघते. म्हणजे पहिल्या प्रेक्षकांनी पाहिली ती फक्त पाठवणी. दरबारातला नकार, अंगठी, कोळी, मासा यातलं काहीच नाही. ते तीन अंक पुढच्या वर्षी आले. आजच्या भाषेत सांगायचं तर सीझन वन पाठवणीवर संपला.

पण तेवढ्यावरही पुणं वेडं झालं. ज्यांना नाटकाला जाणं कमीपणाचं वाटायचं ते लोक जाऊ लागले. पदं घराघरांत, रस्त्यावर ऐकू येऊ लागली. मंडळीला नाव मिळालं, 'किर्लोस्कर नाटक मंडळी', आणि तिचे दौरे सुरू झाले.

भावड्या आला आणि सुभद्रा गाऊ लागली

१८८२ मध्ये बडोद्याहून एक पोरगा मंडळीत दाखल झाला. भाऊराव कोल्हटकर. लोक लाडाने भावड्या म्हणायचे. आवाज उंच, धारदार आणि गोड, आणि दिसणं असं की स्त्रीवेषात शोभावं. शकुंतलेची भूमिका त्याच्याकडे आली.

त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला 'संगीत सौभद्र'चे पहिले तीन अंक आले. पूर्ण नाटक १८८३ मध्ये. यात भाऊराव सुभद्रा.

सौभद्रची गोष्ट अर्जुनाच्या तीर्थयात्रेच्या काळातली. महाभारतात ही यात्रा पाण्यातल्या बायकांनी भरलेली आहे. गंगेत स्नान करताना उलूपी ही नागकन्या अर्जुनाला ओढून पाण्याखाली आपल्या घरी नेते. पुढे दक्षिणेच्या तीर्थांत शापाने मगरी झालेल्या पाच अप्सरांना तो सोडवतो. एखाद्या ऑपेरावाल्याच्या हाती हे लागलं असतं तर त्याने पाण्याखालचा महालच उभा केला असता.

अण्णासाहेबांनी हे सगळं बाजूला ठेवलं. त्यांनी घेतलं द्वारकेतलं घर. लग्नाच्या वयाची बहीण, तिचं लग्न परस्पर दुर्योधनाशी ठरवणारा थोरला भाऊ, आणि हसत हसत सगळा डाव उलटवणारा धाकटा. सुभद्रेचं रडणं, रुक्मिणीचं समजावणं, बलरामाचा राग, कृष्णाचा मिश्कीलपणा. हे प्रत्येक मराठी घरात चालायचं. म्हणून ते आजही चालतं. शाकुंतलचे प्रयोग हल्ली क्वचित होतात, सौभद्रचे अजून होतात.

एक मात्र खरं की गाण्याचं हे वेड पुढे नाटकाच्या मुळावर आलं. वन्समोअरवर वन्समोअर मिळू लागले, एकेक पद अर्धा तास चालू लागलं आणि नाटक कुठे होतं तेच लोक विसरून जाऊ लागले. अण्णासाहेबांच्या पदांत असं होत नाही. ती छोटी आहेत, संवादासारखी आहेत, गोष्ट पुढे ढकलतात. नंतरच्यांनी गळा घेतला आणि हे विसरले.

अपुरं राहिलेलं तिसरं नाटक

१८८४ मध्ये त्यांनी 'संगीत रामराज्यवियोग' रंगमंचावर आणलं. रामाच्या वनवासाची गोष्ट. त्यात भाऊराव मंथरा झाला होता. नायिका करणाऱ्या देखण्या नटाला कुबडी दासी करायला लावणं हा अण्णासाहेबांचा आणखी एक धाडसी निर्णय.

या नाटकाचे तीनच अंक झाले. पुढचे लिहून झाले नाहीत.

२ नोव्हेंबर १८८५ रोजी गुर्लहोसूरलाच अण्णासाहेब गेले. वय अवघं ४२. पहिल्या प्रयोगापासून हातात मिळाली ती जेमतेम पाच वर्षं. त्यात दोन पूर्ण नाटकं आणि एक अपुरं.

त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी पुढे १८९९ मध्ये 'संगीत शारदा' लिहिलं. त्यात ना अप्सरा, ना राजा. म्हाताऱ्याशी लग्न लावलं जाणारी एक गरीब घरातली मुलगी, आणि तिला तिचं स्वतःचं गाणं. शकुंतलेने जी वाट पाडली होती त्याच वाटेवरून ती आली.

तिकडे प्रागमध्ये लोकांनी वर्गणी काढून आपल्या भाषेसाठी राष्ट्रीय नाट्यगृह बांधलं होतं. १८८१ मध्ये ते उघडलं, त्याच वर्षी आगीत जळलं, पुन्हा वर्गणी काढून दोन वर्षांत परत उभं राहिलं. त्या नाट्यगृहात अंतोनिन द्वोर्जाकचा 'रुसाल्का' पहिल्यांदा गायला गेला. आज जगभर रुसाल्का म्हटलं की हाच ऑपेरा आठवतो. व्होडनिकची लेक राजपुत्रासाठी आवाज गमावते, तो तिला सोडून दुसरीकडे वळतो, आणि शेवटी तिच्याच मिठीत मरतो. तिथे अंगठी परत सापडत नाही. माशाच्या पोटातून दुसरी संधी देणारा कालिदास त्यांच्याकडे नव्हता.

या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगाची तारीख होती ३१ मार्च १९०१. अण्णासाहेब असते तर त्या दिवशी त्यांना ५८ पूर्ण झाली असती.

किर्लोस्कर मंडळी मात्र चालूच होती. १९०५ मध्ये मिरजेला मंडळीने शाकुंतलचा प्रयोग लावला, आणि शकुंतलेच्या वेषात एक नवा मुलगा पहिल्यांदा रंगमंचावर आला. त्याचं नाव नारायण श्रीपाद राजहंस. लोक त्याला बालगंधर्व म्हणायचे.